इंडियाना जोन्सचा जुना संच, नवा टीव्ही आणि दिवाळीची सुट्टी

प्रश्न : आमच्याकडे इंडियाना जोन्सच्या पहिल्या तीन चित्रपटांचा, चार डीव्हीडींचा संच आहे. दिरांनी २००३ च्या सुमारास दुबईहून आणला होता. यंदा आम्ही ५५ इंची फोर-के टीव्ही घेतला आणि दिवाळीच्या सुट्टीत सासरे, आम्ही दोघं आणि ११ व ८ वर्षांची मुलं असे मिळून तिन्ही चित्रपट पाहायचं ठरवलं. कपाटातून संच काढला तर दोन डिस्कवर पांढरे ठिपके! ठिपके नसलेली एक लावली, तर माणसं फुगीर दिसतात, चेहरे मेणाचे वाटतात आणि हालचाल टीव्ही मालिकेसारखी गुळगुळीत. संवाद ऐकू येत नाहीत, आणि संगीत सुरू झालं की रिमोटकडे धावावं लागतं. सासरे पेटी वाजवतात. ते म्हणतात, ही धून थिएटरमध्ये ऐकली त्याहून चढी लागते आहे. यातल्याच एका चित्रपटाची जुनी व्हीएचएस कॅसेटही सापडली. बहीण अमेरिकेतून नवा संच पाठवायला तयार आहे. मागवू का? आणि दुसरा चित्रपट मुलांना दाखवावा का?
– एक वाचक, मुलुंड

ताई, बहिणीला फोन करण्याआधी एक संध्याकाळ हातातल्या संचाला द्या. ठिपके आणि धून सोडली तर तुमची एकही तक्रार डिस्कची नाही. बाकी सगळा घोळ प्लेअरच्या आणि टीव्हीच्या सेटिंगचा आहे आणि तो पैसे न घालता सुटतो. हे आधी करून घ्या, कारण नवा संच आला तरी टीव्ही तोच राहणार, आणि चुकीच्या सेटिंगवर महागडी डिस्कसुद्धा अशीच मेणचट दिसेल.

सुरुवात ठिपक्यांपासून करू. स्वच्छ होईपर्यंत त्या दोन डिस्क प्लेअरमध्ये घालू नका, बुरशीचे कण आतल्या भिंगावर बसू शकतात. मुंबईच्या पावसाळ्यात बंद कपाटात ठेवलेल्या डिस्कवर दिसणारे पांढरे ठिपके बहुतेक वेळा वरवरची बुरशी असते. खात्री करायला चमकती बाजू ट्यूबलाइटखाली तिरकी धरा आणि ओल्या कापसाचा बोळा एका ठिपक्यावर हलकेच टेका. ठिपका पुसट झाला की समजा बुरशी वर आहे आणि डिस्क वाचणार. मात्र कडेकडून आत पसरत गेलेला तांबूस डाग असेल, किंवा धातूच्या थरात झाडाच्या फांद्यांसारखी नक्षी दिसत असेल, तर नुकसान आत झालं आहे. डीव्हीडी म्हणजे ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्या एकमेकींना चिकटवलेल्या, आणि मधे धातूचा पातळ थर. कडेचा जोड सुटून दमट हवा आत शिरली की तो थर खराब होतो. त्याला घरीदारी कुठेच इलाज नाही.

वरची बुरशी काढणं सोपं आहे. डिस्क नळाच्या साध्या पाण्याखाली धरा, भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब बोटावर घ्या आणि मधल्या भोकाकडून कडेकडे, सरळ रेषेत हात फिरवा. गोल गोल अजिबात नाही. डिस्कवरची माहिती गोलाकार रेघांमध्ये लिहिलेली असते. गोल चरा पडला तर एकाच रेघेचा लांबलचक तुकडा जातो आणि प्लेअरला तो भरून काढता येत नाही. सरळ चऱ्यात प्रत्येक रेघेचा जेमतेम कण जातो, तेवढी दुरुस्ती प्लेअर स्वतः करतो. मग पाणी झटकून चष्म्याच्या मऊ फडक्याने त्याच दिशेने टिपा. चिवट डाग राहिलाच, तर फडक्यावर ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलचे चार थेंब घ्या. लॅमिंग्टन रोडला इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत आयपीए म्हणून मागा, १०० मिली वर्षभर पुरतं. फक्त रविवारी जाऊ नका, बहुतेक दुकानं बंद असतात. छापील बाजूला अल्कोहोल लावू नका, शाई उतरते. थिनर आणि नेलपॉलिश रिमूव्हर प्लास्टिक पांढुरकं करतात आणि मग ती डिस्क गेलीच. टूथपेस्टचा सल्ला बरेच जण देतात, पण ती पृष्ठभाग घासून काढते. बुरशीसाठी तिचा काही उपयोग नाही. धुतलेल्या डिस्क पंख्याखाली अर्धा तास उभ्या ठेवा. उन्हात नको, वाकतात.

पुन्हा बुरशी येऊ नये म्हणून संचाचा बाहेरचा पुठ्ठ्याचा खोका डिस्कपासून वेगळा ठेवा. पुठ्ठा ओल धरतो, आणि बुरशीला कागद खायला मिळतो. डिस्क प्लास्टिकच्या केसमध्ये, उभ्या, आणि त्या केस घट्ट झाकणाच्या डब्यात. आत ५० ग्रॅम सिलिका जेलची एक पुडी. नारिंगी दाण्यांची घ्या. ओल शोषली की ते हिरवे होतात. मग स्टीलच्या ताटलीत पसरून ओव्हनमध्ये १२० अंशांवर दीड-दोन तास तापवले की पुन्हा नारिंगी. पावसाचा मारा बसतो त्या भिंतीला टेकलेल्या कपाटात डबा ठेवू नका. डिस्क पातळ मऊ प्लास्टिकच्या पाकिटांतही भरू नका, ती वर्षानुवर्षं चिकटून राहतात आणि डाग पाडतात.

कॅसेट मात्र लावूच नका. खिडकीतून टेपच्या गुंडाळीवर पांढरी भुकटी दिसत असेल, तर ती व्हीसीआरचं हेड खराब करते आणि पुढे त्यात घातलेली प्रत्येक कॅसेट बाधित होते. हा चित्रपट कितीतरी चांगल्या रूपात मिळतो, त्याच्या कॅसेटवर खर्च करू नका. घरच्या लग्ना-मुंजीची असती तर गोष्ट वेगळी होती.

आता चित्र. माणसं फुगीर दिसतात याचा अर्थ जुना प्लेअर अजून जुन्या चौकोनी टीव्हीच्या समजुतीत आहे. प्लेअरच्या सेटअपमध्ये टीव्ही टाइप किंवा टीव्ही डिस्प्ले असा पर्याय असतो. तिथे ४:३ लेटरबॉक्स असेल, तो १६:९ किंवा वाइड करा. आकार तर सुधारेलच, पण त्याहून मोठा फायदा तपशिलाचा आहे. तुमची डिस्क बहुधा पाल पद्धतीची (भारत-युरोपातली जुनी टीव्ही पद्धत), ५७६ आडव्या ओळींची आहे, आणि हे चित्रपट २.३९:१ इतके रुंद. १६:९ ठेवलं की प्रत्यक्ष चित्राला सुमारे ४३० ओळी मिळतात. ४:३ लेटरबॉक्सवर ३२० च राहतात. म्हणजे आत्तापर्यंत तुम्ही डिस्कमधल्या चित्राचा चौथा हिस्सा फेकून देत होता.

प्लेअर पिवळ्या-लाल-पांढऱ्या वायरने जोडलेला असेल आणि मागे एचडीएमआय असेल, तर लगेच बदला. रिझोल्यूशन ५७६पी वर ठेवून एकदा पाहा, मग १०८०पी वर, आणि जे स्वच्छ वाटेल ते ठेवा. बहुतेक नव्या टीव्हींवर ५७६पी सरस ठरतं, कारण चित्र मोठं करण्याचं काम स्वस्त प्लेअरपेक्षा टीव्ही चांगलं करतो. तुमचा प्लेअर बदलू मात्र नका. डीव्हीडीसाठी जगाचे रीजन, म्हणजे विभाग पाडलेले आहेत, आणि प्लेअर सहसा आपल्याच विभागाची डिस्क वाचतो. दुबई रीजन २ मध्ये येते आणि भारत रीजन ५ मध्ये. तुमचा प्लेअर ती डिस्क चालवतो याचा अर्थ तो बहुधा सगळे रीजन घेतो. नवा घ्याल तो घेईलच असं नाही. संगणकाच्या ड्राइव्हमध्ये रीजन फक्त पाच वेळा बदलता येतो आणि मग तो कायमचा अडकतो, तेव्हा तिकडेही सहज म्हणून बदलत बसू नका.

मेणाचे चेहरे आणि मालिकेसारखी हालचाल हे टीव्हीचं काम. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींचा असतो. टीव्ही मधल्या चौकटी स्वतः रचून घालतो, म्हणून सगळं मालिकेसारखं घसरत जाताना दिसतं. सॅमसंगवर पिक्चर क्लॅरिटी किंवा ऑटो मोशन प्लस, एलजीवर ट्रूमोशन, सोनीवर मोशनफ्लो या नावाखाली ते सापडेल. पूर्ण बंद करा. पिक्चर मोड विविड किंवा स्टँडर्डवरून फिल्ममेकर, मूव्ही किंवा सिनेमावर आणा. पहिली पाच मिनिटं चित्र पिवळट आणि मंद वाटेल, मग डोळा सरावतो. डायनॅमिक कॉन्ट्रास्ट बंद, नॉइज रिडक्शन बंद किंवा लो. शार्पनेस खाली आणा, पण सोनीवर ५० हाच मधला बिंदू आहे, त्याच्या खाली जाऊ नका. चित्र धूसर होतं. हे बदल डीव्हीडी ज्या एचडीएमआय इनपुटवर आहे तिथेच करा, बऱ्याच टीव्हींवर प्रत्येक इनपुटची सेटिंग वेगळी साठवली जाते.

वर-खाली काळ्या पट्ट्या राहतील आणि त्या राहायलाच हव्यात. ५५ इंची पडदा साधारण १२२ सेंटिमीटर रुंद आणि ६८ उंच असतो. त्यात हे चित्र ५१ सेंटिमीटर उंचीचं बसतं, वर आणि खाली साडेआठ-साडेआठ सेंटिमीटर काळं. झूम करून पट्ट्या घालवल्या तर दोन्ही बाजू मिळून चित्राचा चौथा भाग कापला जातो. डग्लस स्लोकोम यांनी तिन्ही चित्रपटांचं छायाचित्रण केलं आणि रुंद चौकटीच्या दोन टोकांना दोन माणसं ठेवून प्रसंग रचले. तिसऱ्यात मोटरसायकल आणि साइडकारमधले बापलेक आहेत, तिथे झूम केलंत की दोघांपैकी एकाचा खांदाच उरतो. बसायला डीव्हीडीसाठी आठ-नऊ फूट अंतर बरं. हॉल त्याहून अरुंद असेल तर मुलांना पुढे सतरंजीवर बसवू नका, जवळून डीव्हीडीचे चौकोन दिसतात.

संवाद दबतात, कारण डिस्कवरचा आवाज सहा वाटांचा, म्हणजे सहा वेगवेगळ्या स्पीकरसाठी विभागलेला आहे आणि संवाद बहुतांशी मधल्या स्पीकरसाठी ठेवलेले असतात. तुमच्या टीव्हीला मधला स्पीकर नाही. प्लेअरच्या ऑडिओ सेटअपमध्ये डिजिटल आउटपुट पीसीएम करा, डाउनमिक्स स्टीरिओ करा आणि डायनॅमिक रेंज किंवा डीआरसी पूर्णवर न्या. त्याने मोठे आवाज आवळले जातात आणि बारीक वर येतात. मग पहिल्या चित्रपटातला वर्गाचा प्रसंग लावा, त्यातलं बोलणं नीट ऐकू येईल इतका आवाज ठेवा, आणि मागे जाऊन गुहेतला प्रचंड धोंडा गडगडत येतो तो प्रसंग त्याच आवाजात ऐका. शेजारचे दार वाजवणार नाहीत असं वाटलं की झालं. त्या धोंड्याचा आवाज चित्रपटाचे ध्वनिरचनाकार बेन बर्ट यांनी खडीच्या उतारावरून होंडा सिव्हिक गाडी सोडून मिळवला होता, आणि सापांची वळवळ म्हणजे चीज घातलेल्या पदार्थात फिरवलेली बोटं. मुलांना हे आधी सांगा, सापांची भीती अर्धी होते. आणि साउंडबार घ्यायचाच असेल तर मधली वाट असलेला, म्हणजे ३.१ किंवा ५.१ लिहिलेला घ्या. नुसत्या २.१ ने दणका वाढेल, संवाद नाही.

तुमच्या सासऱ्यांचा कान पक्का आहे. पाल डीव्हीडीवर २४ चौकटींचा चित्रपट सेकंदाला २५ ने पळवतात, म्हणजे चार टक्के जलद. सूरही त्या प्रमाणात चढतो, पेटीच्या लगतच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराच्या सुमारे पाऊण हिश्शाने. पडताळा सहज घेता येतो. थिएटरमध्ये पहिला चित्रपट ११५ मिनिटांचा होता. तुमच्या प्लेअरवर एकूण वेळ १ तास ५० मिनिटांच्या आसपास दिसत असेल, तर डिस्क पालच आहे. तसंच दुसरा ११८ ऐवजी ११३, तिसरा १२७ ऐवजी १२२. हे कुठल्याही सेटिंगने सुधारत नाही. जॉन विल्यम्स यांचं संगीत मूळ सुरात ऐकायचं असेल तर ब्लू-रे किंवा फोर-के डिस्क घ्या, त्या २४ च्या मूळ वेगाने चालतात. नवा संच घेण्याचं एवढं एक कारण मला पटतं आणि पेटी वाजवणाऱ्या माणसासाठी ते छोटं नाही.

दुसरं कारण चित्राचं. हाच चित्रपट डीव्हीडीवर ४३० ओळींत बसतो, ब्लू-रेवर ८०० आणि फोर-केवर १६०० ओळींत. पहिल्या चित्रपटात सापांच्या विहिरीचा प्रसंग डीव्हीडीवर काळ्या ठोकळ्यांत बुडतो, फोर-केवर मशालीपलीकडच्या भिंतींवरची चित्रंही उमटतात. मात्र पडद्यावर बारीक रवा दिसेल. ती ३५ मिलिमीटर फिल्मची स्वतःची पोत आहे, खराबी समजून नॉइज रिडक्शन लावू नका. एवढ्या स्पष्टतेत काही ठिकाणी रंगवलेले पडदे आणि छोटी मॉडेल्स ओळखू येतात, हेही मान्य करायला हवं. दुसऱ्यातल्या खाणीतल्या गाड्यांच्या शर्यतीचा मोठा भाग छोट्या मॉडेलवर चित्रित झाला, त्यासाठी फोटो काढायचा निकॉन कॅमेरा बदलून वापरला होता. माझ्या मते ते कळल्याने मजा वाढतेच.

बहिणीकडून मागवायचं ठरलं तर २०२१ मध्ये आलेला फोर-के अल्ट्रा एचडी संच सांगा. त्यात २००८ चा चौथा चित्रपटही असतो. फोर-के डिस्कला रीजन नसतो, म्हणून ती इथे चालते. ब्लू-रेला असतो: अमेरिका ए मध्ये, भारत सी मध्ये. ब्लू-रे मागवलीत तर खोक्यामागे कोणतं अक्षर आहे, किंवा ए, बी, सी तिन्ही आहेत का, याचा फोटो आधी मागवा. अमेरिकी खोक्यातल्या डिजिटल कोडचा (ऑनलाइन प्रत मिळवण्याचा) हिशेब धरू नका, तो सहसा तिथल्याच खात्यावर चालतो. आणि फोर-के डिस्कला फोर-के प्लेअरच लागतो, साधा ब्लू-रे प्लेअर ती वाचत नाही. घरात गेम खेळायचा, डिस्कची खाच असलेला पीएस५ किंवा एक्सबॉक्स सीरीज एक्स असेल तर वेगळा खर्च नको. उजेड-अंधार आणि रंग जास्त खुलवणाऱ्या दोन पद्धती असतात. पीएस५ वर डिस्कचं डॉल्बी व्हिजन मिळत नाही, पण एचडीआर१० मिळतं आणि ते पुरेसं आहे. पीएस४ चालणार नाही. टीव्हीच्या त्या एचडीएमआय पोर्टवर एलजीला डीप कलर, सॅमसंगला इनपुट सिग्नल प्लस, सोनीला एन्हान्स्ड फॉरमॅट चालू करावं लागतं, नाहीतर रंग फिके येतात आणि लोक डिस्कला दोष देतात. हे सगळं घरात नसेल आणि प्लेअरही नव्याने घ्यायचा असेल, तर यंदाची दिवाळी डीव्हीडीवरच काढा. सेटिंग बदलल्यावर ती तुम्हाला वेगळीच वाटेल.

राहिला मुलांचा प्रश्न. घरात ८ वर्षांचं मूल असताना क्रम असा ठेवा: आधी पहिला, मग तिसरा, आणि दुसरा नंतर कधीतरी. कथेच्या दृष्टीने काही बिघडत नाही. दुसरा चित्रपट १९८४ चा असला तरी त्यातली गोष्ट १९३५ ची, पहिल्याच्या एक वर्ष आधीची आहे. पहिल्यातली १९३६ ची, तिसऱ्यातली मुख्य गोष्ट १९३८ ची. सल्लाह आणि मार्कस ब्रॉडी ही पात्रं पहिल्यात आणि तिसऱ्यातच आहेत. शिवाय तिसऱ्यात व्हेनिसच्या तळघरात भिंतीवरचं एक चित्र पाहून इंडी जे बोलतो, त्यातली गंमत पहिला पाहिल्याशिवाय कळत नाही.

पहिल्यातही दोन जागा सांभाळा. सुरुवातीच्या गुहेत सुळ्यांवर अडकलेलं प्रेत अचानक समोर येतं, आणि अगदी शेवटी ज्या पवित्र पेटीचा सगळे शोध घेत असतात ती उघडल्यावर चेहरे वितळतात. तिथे इंडी स्वतःच नायिका मॅरियनला डोळे मिटायला सांगतो, धाकट्यालाही तेच सांगा. तिसरा तिन्हींत मुलांना सगळ्यात सोपा. उंदीर आहेत, शेवटी एक माणूस क्षणात म्हातारा होऊन हाडं उरतात. शॉन कॉनरी आणि हॅरिसन फोर्ड यांच्या वयात फक्त १२ वर्षांचं अंतर होतं, तरी बाप-मुलाची जोडी खरी वाटते. सासऱ्यांनाही हाच सगळ्यात आवडेल असा माझा अंदाज आहे.

दुसऱ्यात तास उलटल्यावर जिवंत माणसाच्या छातीतून हृदय काढण्याचा प्रसंग आहे, आणि खाणीत साखळदंडाने बांधलेली, मार खाणारी मुलं आहेत. मुलांना रक्तापेक्षा ही मुलंच जास्त लागतात, कारण ती त्यांच्याच वयाची असतात. अमेरिकेतही या चित्रपटाच्या हिंसेवरून ओरड झाली आणि १९८४ मध्येच पीजी-१३ हा, तेरा वर्षांखालच्या मुलांच्या पालकांना सावध करणारा नवा दर्जा आला. थोरल्याला तुम्ही सोबत बसून दाखवू शकता. धाकट्याला दोन वर्षं थांबू द्या.

थोरल्याशी आधी थोडं बोला मात्र. राजवाड्यातल्या मेजवानीत माकडाचा मेंदू आणि किडे वाढतात, ते भारतातल्या कुठल्याच राजाच्या पंगतीला नव्हतं. कालीची पूजा दाखवली आहे तशी कुठे होत नाही. भारतात चित्रीकरणाला मंजुरी मिळाली नाही म्हणून ते गाव श्रीलंकेत कॅंडीजवळ उभं केलं, आणि गावकरी सिंहली बोलतात. दरीवरचा दोरखंडाचा पूलही तिथेच, जवळच्या धरणाच्या कामावरच्या अभियंत्यांच्या मदतीने खरोखरचा बांधला आणि खरोखरचा तोडला. तो प्रसंग तिन्ही चित्रपटांतल्या सर्वोत्तमांपैकी आहे. आणि खलनायक मोला राम म्हणजे आपले अमरीश पुरी, सत्यदेव दुबे यांच्या तालमीतले, मुंबईच्या रंगभूमीने घडवलेले. या भूमिकेसाठी त्यांनी डोकं तासलं आणि पुढे तेच ठेवलं. पंतप्रधान चत्तर लाल झालेल्या रोशन सेठ यांना सासरे पाहताच ओळखतील, दूरदर्शनवरच्या ‘भारत एक खोज’मधले नेहरू तेच. इंग्रजी सबटायटल तिन्ही चित्रपटांना चालू ठेवा, पण मंदिरात अमरीश पुरी मधेच हिंदीत बोलू लागतात तिथे तुमच्या घरात कुणालाच त्यांची गरज पडणार नाही.